धवला आणि सॅक्सोफोन

लग्नातल्या बँडविषयी आमचे मत पूर्वी फार वाईट होते. ते आज सर्वस्वी पालटले आहे असे नाही. परंतु गेल्या वैशाखात त्या मताला एक तडा गेला, आणि त्याची हकीकत सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. मत वाईट असण्याची कारणे वाचकांस सांगावयास नकोत. ज्याच्या घरासमोरून एकदा तरी वरात गेली आहे त्याच्या कानांत ती साठलेलीच असतात. सोनेरी कशिद्याचे मळके डगले घातलेली पंधरावीस माणसे, ज्यांपैकी निम्म्यांचे सूर उरलेल्या निम्म्यांशी जन्माचे वैर धरून असतात. चाकांच्या गाड्यावर चढविलेले कर्णे. आणि या सर्वांच्या पुढे, बोहल्यावर आपल्यालाच चढावयाचे आहे अशा आविर्भावाने नाचणारी नवरदेवाची मित्रमंडळी. इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्या माणसास या वाद्यमेळाची लाजच वाटे.

आणि गंमत अशी की, या वाद्यमेळातल्याच एका वाद्याच्या पायी आम्ही विद्यार्थिदशेत वेडे झालो होतो. ते वाद्य म्हणजे सॅक्सोफोन. मात्र आमचा सॅक्सोफोन अमेरिकेतला होता, कर्जतच्या बाजारपेठेतला नव्हे. कर्जतहून मुंबईस जाणारी लोकल दोन तासांच्या आसपास वेळ घेई. तेवढ्या वेळात कानांस वॉकमन लावून जॅझच्या दोन कॅसेटी सहज ऐकून होत. शेजारी बसलेल्या भजनी मंडळाचे टाळ त्या संगीतात अधूनमधून घुसत आणि आम्हांस त्यांचा राग येई. ड्यूक एलिंग्टन हे तेव्हा आमचे दैवत होते. पंधरावीस वादकांचा मोठा मेळ. पण त्यातला प्रत्येकजण आपल्याच आवाजात बोलतो आहे असे वाटावे, ही या माणसाची किमया. स्वरलेखनाच्या कागदावर वाद्याच्या नावाऐवजी तो वादकाचे नाव लिही, ही गोष्ट आम्ही पुढे वाचली आणि त्या किमयेचा थोडासा उलगडा झाला. दुसऱ्या अल्टो सॅक्सोफोनसाठी लिहिणे निराळे, आणि अमक्या माणसाच्या ओठांसाठी, फुफ्फुसांसाठी, त्याच्या खोडींसकट लिहिणे निराळे.

1963 साली एलिंग्टनचा हा मेळ हिंदुस्थानात आला होता आणि मुंबईतही त्याचे कार्यक्रम झाले होते. दिल्लीच्या मुक्कामात त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याने एका साळुंकीची शीळ ऐकली. तिच्यातून एक रचना उभी राहिली आणि पुढे 1966च्या डिसेंबरात, 'फार ईस्ट स्वीट' नावाच्या मोठ्या कृतीचा भाग म्हणून, तिचे ध्वनिमुद्रण झाले. तीत साळुंकीचे काम क्लॅरोनेटकडे आहे. त्यात एकही राग नाही, सतार नाही, तबला नाही. आणि तरीही ती पाहुण्याने प्रामाणिकपणे ऐकलेल्या हिंदुस्थानाची आहे असे आम्हांस आजही वाटते. ती कॅसेट आमच्याजवळ होती. ती आमच्याकडे कशी आली हे आता सांगितले पाहिजे, आणि सांगताना थोडे ओशाळेही व्हावे लागणार आहे.

1994 सालच्या उन्हाळ्यात, एम. ए.ची परीक्षा देऊन घरी आलो असता, लोकगीते गोळा करण्याची हौस आम्हांस झाली. हौस म्हणण्याचे कारण, तिच्यात अभ्यास थोडा आणि अभिमान फार होता. कर्जत ते खोपोली या लोहमार्गावर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी चार लहान स्थानके आहेत. त्यांपैकी एका स्थानकावर उतरून भातखाचरांच्या बांधांवरून पाऊण तास चालत गेले म्हणजे आमच्या आजोळचे गाव लागते. त्या गावच्या आगरी आळीत एक वृद्ध धवलारीण राहत असे. आगरी समाजात लग्नाचे विधी परंपरेने धवलारणीच्या तोंडून चालतात. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत ज्या त्या विधीचा जो तो धवला ती गाते आणि भोवतालच्या बायका तिच्यामागून म्हणतात. पोथी नाही, वाद्य नाही. जे आहे ते कंठात. आम्ही चार दुपारी तिच्या ओटीवर बसून एकूण सदतीस धवले वहीत उतरवून घेतले. ती गाई, आम्ही लिहीत असू. आमचा हात मागे पडला की ती थांबे आणि तेवढी ओळ कोरडी सांगे.

शेवटच्या दिवशी तिने आमच्या पिशवीतल्या यंत्राकडे बोट दाखवून विचारले, "मास्तर, पेटीन नाय घेत?" त्या पेटीत आवाज भरता येतो हे तिला ठाऊक होते. आमच्याजवळ त्या दिवशी एक कोरी कॅसेटही होती, खोपोलीच्या बाजारातून आणलेली. परंतु एका मित्राने एलिंग्टनची ती कृती दोन दिवसांच्या बोलीवर आम्हांस दिली होती, आणि ती कोरी कॅसेट आम्ही तिच्या नावाने राखून ठेविली होती. दुसरी घेण्यास पैसे नव्हते असेही नाही. खोपोलीस पुन्हा जाण्याचा कंटाळा होता. "शब्द आले म्हणजे झाले," असे काहीतरी आम्ही तिला सांगितले. त्या रात्री साळुंकीची शीळ कोऱ्या कॅसेटीत उतरली. दोन वर्षांनी ती म्हातारी गेली.

शब्द आले म्हणजे झाले, हा समज एकट्या आमचाच होता असे मात्र नाही. तो आम्हां सर्व शिकलेल्यांचा वडिलोपार्जित समज आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आद्य कवयित्री म्हणून जिचा मान आहे त्या महदंबेचे काव्यदेखील 'धवळे'च होत. तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या निमित्ताने तिने ते रचिले आणि म्हटले. ते संपादिले गेले, छापले गेले, परीक्षेस नेमले गेले. त्यांच्या भाषेवर, छंदावर, पाठभेदांवर पुष्कळ काथ्याकूट झाला. चाल काय होती, हे विचारण्याची मात्र आमच्या वर्गात कोणास आठवण झाली नाही. हंगेरीत बेला बार्टोक 1906 पासून एडिसनचे यंत्र आणि मेणाची नळकांडी घेऊन खेडोपाडी हिंडत होता, आणि आपण मात्र पुढे कित्येक दशके पेन्सिली टोकीत बसलो. त्यास सन्माननीय अपवाद झाले, नाही असे नाही. घाटाच्या माथ्यावर, मुळशी-मावळच्या बाजूस, हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. त्यांची संख्या लाखावर गेली आणि पुढे त्यांतल्या पुष्कळ ओव्या बायकांच्या आवाजांत मुद्रितही झाल्या. आमच्या आजोळच्या ओटीवरून त्या घाटाची कड दिसते.

असो. गेल्या वैशाखात त्याच गावी एका लग्नास गेलो होतो. हळदीच्या रात्री धवले झाले. आता गाणारी बाई म्हणजे त्या म्हातारीची सून. तीही सत्तरीला टेकलेली. आवाज चिरकलेला, पण न थांबणारा. बँडची मंडळी आदल्या रात्रीच येऊन शाळेच्या पडवीत उतरली होती. त्यांपैकी एक पन्नाशीचा गृहस्थ मांडवाच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकत उभा होता. पाहुण्यांपैकी कोणी असेल असे आम्हांस वाटले.

सकाळी आठाच्या सुमारास, वऱ्हाड निघण्याची गडबड चालली असताना, मांडवाच्या मागच्या बाजूने एक सूर आला. प्रथम आम्हांस वाटले, सनई आहे. मग तो खाली उतरला आणि सनईत जी खोली नसते ती त्याला आली, तेव्हा आम्ही उठलो. तो रात्रीचा गृहस्थ चुलीच्या धुराआड एका पिंपावर बसून सॅक्सोफोन वाजवीत होता, आणि वाजवीत होता तो हळदीचा धवला. स्वयंपाकाच्या बायकांचे हात थांबले. एकीने सवयीने मागची ओळ म्हटली, दुसरीने तिला साथ दिली. आम्ही उभ्या उभ्या तीस वर्षे मागे गेलो. ती चाल आम्ही विसरलो आहोत हेदेखील आम्हांस तोपर्यंत ठाऊक नव्हते.

इतक्यात धवलारीण बाहेर आली. तिने थोडा वेळ ऐकले आणि म्हणाली, "तसा नाय रं. खाली ये, हलूच." आणि तिने ती ओळ म्हणून दाखविली. गांधारावरून उतरताना ती कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कोठेतरी क्षणभर रेंगाळत होती. त्या जागेस आमच्या माहितीतले नाव नाही. वाजविणाऱ्याने मान हलविली, बोटे होती तेथेच ठेविली आणि ओठ किंचित सैल सोडला. सूर वितळल्यासारखा खाली आला. बाई म्हणाली, "हां." तेवढेच. मग जाता जाता वळून बजावले, "हलदीचा धवला रस्त्याव नाय वाजवाचा, पोरा."

सॅक्सोफोन हे वाद्य पितळेचे असले तरी त्याचे गोत्र पितळी कर्ण्यांचे नव्हे. बेल्जियमच्या ॲडॉल्फ सॅक्सने 1846 साली पॅरिसात त्याचा हक्क नोंदविला तो लष्करी बँडसाठी. पण त्याच्या तोंडाशी वेताची एक पट्टी असते आणि सूर तिच्यातून निघतो, म्हणून ते क्लॅरोनेटचे भावंड आणि सनईचे लांबचे नातलग. बोटांखालच्या झडपा जागा ठरवितात, पण शेवटचा शब्द ओठाचा. कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये हे वाद्य प्रथम ऐकले आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजविण्यासाठी वाद्यातच फेरफार करून आयुष्य वेचले. 2019 साली ते वारले तेव्हा दक्षिणेत तरी या वाद्यास कोणी परके म्हणत नव्हते. आमच्याकडे ते वरातीच्या धुळीत राहिले. म्हणून त्याचे आपल्या मातीशी काय नाते जडले याची चौकशी कोणी केली नाही. आम्ही तर नाहीच नाही.

वऱ्हाड लागले, जेवणे झाली, आणि दुपारच्या उन्हात शाळेच्या पडवीत आम्ही त्या गृहस्थाशी बोलत बसलो. वडील सनई वाजवीत. हा स्वतः पनवेलकडच्या एका बँडमास्तराच्या हाताखाली शिकला. तो मास्तर उमेदीच्या काळात मुंबईस गोवेकरांच्या संगतीत काही दिवस काढून आला होता, म्हणून याला पाश्चात्य स्वरलेखन थोडे वाचता येते. पावसाळ्यात शेतीची मजुरी, मार्गशीर्षापासून बँड. हल्ली मोठ्या आवाजाच्या यंत्रांमुळे बोलावणी कमी झाली आहेत, हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पाऊस कमी झाला असे सांगावे तसे सांगितले. मग थोडे घुटमळून त्याने मनातली गोष्ट काढली. त्याला धवला सबंध बँडवर बसवावयाचा होता. धवलारणीची ओळ सॅक्सोफोनने घ्यावी, बायकांची मागची ओळ चार क्लॅरोनेटांनी, युफोनियमने खाली एक सूर धरून ठेवावा, आणि ताशाने गप्प राहावे. "ताशावाला ऐकत नाही, सर," तो म्हणाला. "पण कागदावर लिहून दिलं, तर ऐकतील. छापील असलं की ऐकतात."

त्याचे हे बोलणे ऐकताना आम्हांस मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांची आठवण झाली. 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यामुळे हे नाव देशभर पोरासोरांच्या तोंडी झाले. परंतु ते एका खऱ्या माणसाचे नाव आहे आणि संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूस त्यातून वंदन केले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांस व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकविले जाई. तेथून निघालेली माणसे मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत बसत. 1935 साली लिऑन ॲबी याने अमेरिकेहून आपला मेळ ताजमहाल हॉटेलात आणला, तेव्हापासून या मंडळींस जॅझची गोडी प्रत्यक्ष ऐकून लागली. चित्रपटाचा संगीत दिग्दर्शक चाल म्हणून दाखवी. ती पन्नास वादकांत वाटून देण्याचे, तिच्याखाली दुसरे सूर रचण्याचे आणि ते सारे कागदावर उतरविण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशा गोवेकरांचे. पडद्यावर त्यांचे नाव आलेच तर साहाय्यक म्हणून, बारीक अक्षरांत. ज्याच्या लेखणीने मेळ उभा राहिला त्याला मेळाचा कर्ता म्हणावयाचे नाही, ही रीत आपल्याकडे कोणी व कशी पाडली, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गोन्साल्विस यांना यापुढे जावयाचे होते. त्यांनी हिंदुस्थानी रागांचा अभ्यास केला, 1958 साली स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात शंभराहून अधिक वादकांकडून रागांवर आधारलेल्या आपल्या रचना वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्यात गायले. सारंगासारखा राग स्वरलेखनाच्या पाच रेघांवर बसवावयाचा, आणि जे वादक तो जन्मात गायले नाहीत त्यांच्या गजांतून तो काढावयाचा, हे धाडस केवढे! ते टिकले नाही. शंभर माणसांस पोसणारा आश्रयदाता मिळाला नाही. पुढे ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठाकडे गेले, आणि परत आल्यावर मजोर्ड्यास शांतपणे राहिले. 2012 साली ते वारले. त्यांच्याच आडनावाचे दुसरे गोवेकर, सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस, यांनी 1970च्या सुमारास 'राग रॉक' या तबकडीत दुसरी वाट धरली: मेळ लहान, कागद कमी, आणि राग थेट ओठावर. एलिंग्टनच्या त्या 1963च्या दौऱ्यात टेनर सॅक्सोफोन वाजविणाराही एक पॉल गोन्साल्विसच होता, केप व्हर्दीहून अमेरिकेत गेलेल्या घराण्यातला. पोर्तुगीजांनी जगभर आडनावे वाटली, आणि त्यांतले हे एक सुरांच्या वाट्यास आले, एवढेच म्हणावयाचे.

आमचे स्वतःचे मत असे आहे की, गोन्साल्विस यांच्यापुढचा प्रश्न कठीण होता, पण पडवीत बसलेल्या त्या गृहस्थापुढचा त्याहून कठीण होता. रागाला व्याकरण आहे. ते कळले की परक्यासही चार वाक्ये शुद्ध बोलता येतात. धवल्याचे व्याकरण एका बाईच्या गळ्यात असते, आणि तिची सून ते थोडे निराळे करते. तो कागदावर उतरविला की शंभरांस वाजविता येईल, आणि ज्या जागेसाठी वाजवावयाचा ती गांधाराखालची जागा नेमकी पाच रेघांच्या फटीतून गळून जाईल. आम्ही त्यास एलिंग्टनची युक्ती सांगितली. म्हटले, "तुमची ओळ लिहूच नका. तेथे फक्त तुमचे नाव लिहा. बाकीच्यांचे मात्र लिहा." त्याला हे फार आवडले. तो हसला आणि म्हणाला, "आणि मी मेल्यावर?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

धवलारणीने घातलेली अट त्याच्या लक्षात होती. हळदीचा रस्त्यावर चालणार नाही. पण नवरी दाराशी आल्यावर जो म्हणतात तो वाजविण्यास हरकत नाही, असे तिने त्यास मागाहून सांगितले होते. त्याची चाल त्याच्याजवळ होती, लहानपणी आईच्या मांडीवर ऐकलेली. शब्द नव्हते. क्लॅरोनेटवाल्यांस शब्द दिले की चाल ध्यानात राहते, म्हणून त्याला शब्द हवे होते. आणि आमच्याजवळ वही आहे हे त्याला कोणीतरी सांगितले होते. वही आम्ही खरोखरच बरोबर आणली होती, मनात म्हातारीच्या सुनेस दाखवावी असे होते. सकाळी ती दाखविलीही होती. त्यातले दोन धवले आम्ही मोठ्याने वाचले तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "मास्तर, हा धवला नाय, ही त यादी हाय." तिला त्यांतले नऊ येत होते. उरलेल्या अठ्ठावीसांचे शब्द तिने मान डोलावून ऐकले. सासू म्हणे खरी, पण आपल्यास चाल उरली नाही असे ती म्हणाली.

आता आम्ही पडवीत वही उघडली. तो गृहस्थ सॅक्सोफोन मांडीवर घेऊन ती चाल हळू आवाजात, जवळजवळ श्वासानेच, वाजवू लागला. आम्ही पाने उलटीत होतो. मांडवाचा, तेलाचा, हळदीचा, उंबराच्या फांदीचा. चालीच्या मापाने ओळी लावून पाहिल्या. एक थोडी बसलीशी वाटली आणि तिसऱ्या चरणात अडली. सदतीसच्या सदतीस पाहून झाले. नवरी दाराशी आल्याचा धवला वहीत नव्हता. त्या चौथ्या दुपारी आम्ही उठण्याची घाई केली नसती, तर पुढचा तोच आला असता काय, कोण जाणे.

त्याने वाद्य खाली ठेविले आणि विचारले, "तुमच्याकडे त्या अठ्ठावीसांपैकी एखाद्याची चाल असेल?" आम्ही नाही म्हटले. कॅसेटीची गोष्ट त्यास सांगावी असे मनात आले होते, सांगितली नाही. ती कॅसेट अजून आमच्या कपाटात आहे. फीत चिकटली आहे, वाजत नाही.

चारच्या सुमारास बँडमास्तराची शिट्टी झाली. रात्री चौकला दुसरे लग्न होते. टेंपोत ढोल चढले, त्यांच्यावर डगल्यांचे गाठोडे चढले, आणि सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेऊन तो मागच्या फळीवर बसला. फोनमध्ये त्याने ती चाल आम्हांस भरून दिली आहे, शब्दांवाचून, मागे कोणाचे तरी कुत्रे भुंकते आहे अशी. गावातील दोन-तीन वृद्ध बायकांस ती ऐकवावयाची राहिली आहे. पावसाच्या आधी पुन्हा जाऊ, असे ठरविले आहे.